न बोलणाऱ्या मुलाची भाषा

जे मूल वर्गात बोलत नाही त्याला सांगण्यासारखे काही नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. असे मूल मागच्या रांगेत बसविले जाते आणि भाषा शिकण्याचे त्याचे मोलाचे वय निघून जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अशा मुलास योग्य त्या संवादसाधनाने शिकविण्याचे कर्तव्य सांगितले आहे. ही साधने मुख्यतः तीन होत.

पहिले, उच्चार व ओष्ठवाचन. १८८० च्या मिलान परिषदेने बधिरांसाठी याच पद्धतीचा पुरस्कार केला व खुणा मागे पडल्या. परंतु ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून केवळ ओष्ठवाचनावर विसंबणे धोक्याचे असते.

दुसरे, खुणांची भाषा. तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय खुणांच्या भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र स्थापन झाले आणि २०१८ साली त्याचा ३,००० शब्दांचा कोश निघाला. बधिर मुलाला ही भाषा पूर्णपणे आत्मसात करता येते. मात्र घरच्यांनी व सोबत्यांनीही ती शिकली पाहिजे.

तिसरे, चित्रांची देवघेव. १९८५ साली अमेरिकेत स्वमग्न मुलांसाठी ही पद्धती निघाली. मुलाने हवी ती वस्तू दाखविणारे चित्र दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे व लगेच ती वस्तू मिळवावयाची. येथे संवादाचा आरंभ मूल स्वतः करते आणि चित्र कोणासही समजते. उणीव एवढीच की, जितकी चित्रे तितकेच शब्द.

खुणांनी वा चित्रांनी मूल बोलण्याचे टाळील, ही भीती पालक व्यक्त करतात. आजवरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे वाढलेले दिसले आहे.

तेव्हा प्रथम मुलाची श्रवणतपासणी करवून घ्यावी व गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा. दरम्यान पाणी, भात, चेंडू, लघवी अशी चार-पाच चित्रे पुठ्ठ्यावर काढून आरंभ करावा. चित्राखाली मराठी शब्द लिहावा; घरी पोवारी, गोंडी वा झाडीबोली असल्यास तेथला शब्दही उच्चारावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

‘मूल बोलत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी, बोलण्याचे साधन आपण त्याच्या हाती दिले काय, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावे.