ईश्वराचे अंतर्यामित्व : हिंदू व ख्रिस्ती विचार
सृष्टीच्या ठायी ईश्वर विद्यमान आहे, ही कल्पना हिंदू व ख्रिस्ती या दोन्ही परंपरांत आढळते. मात्र विद्यमानतेचा अर्थ दोहोंत एकच नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हे दोन्ही विचार मराठीतून मांडले गेले.

पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी असून त्याच तालुक्यात वृद्धेश्वराचे स्थान आहे. तेथील लिंग स्वयंभू, म्हणजे कोणी न स्थापिता भूमीतून प्रकटलेले, मानले जाते. जे पिंडी तेच ब्रह्मांडी, या नाथपंथीय धारणेशी ही श्रद्धा सुसंगत आहे. याच पंथाची दीक्षा निवृत्तिनाथांकडून लाभलेल्या ज्ञानेश्वरांनी नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. अमृतानुभवात त्यांनी जगाला मिथ्या आभास न मानता चैतन्याचा विलास मानले. हिंदू विचार एकविध नाही. बृहदारण्यकोपनिषदातील अंतर्यामी पृथ्वीच्या आत राहून तिचे नियमन करतो. रामानुजांनी तोच धागा धरून जगाला ईश्वराचे शरीर म्हटले, तर शंकराचार्यांच्या मते जग हा ब्रह्मावरील विवर्त होय.

ख्रिस्ती मतानुसार ईश्वराने सृष्टी शून्यातून निर्मिली. ती त्याच्या स्वरूपाचा अंश नव्हे. तरीही तिचे अस्तित्व प्रतिक्षणी त्याच्यावर अवलंबून असल्याने तो तिच्यात आहे, असे टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने प्रतिपादिले. निर्माता व निर्मिती यांतील हे अंतर येशूच्या देहधारणेनेही पुसले जात नाही. ती घटना इतिहासात एकदाच घडली. अवतारांप्रमाणे तिची पुनरावृत्ती नाही. प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस पवित्र ठरतात ते ख्रिस्ताच्या वचनामुळे, द्रव्याच्या अंगभूत दिव्यत्वामुळे नव्हे. स्वयंभू लिंगाची कल्पना येथे मूलतः वेगळी पडते. दोन्ही धर्म एकच सांगतात, हे वारंवार ऐकू येणारे विधान म्हणूनच घाईचे आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १८३१ पासून अहमदनगरात कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात धर्मांतरितांना तो पदोपदी भेडसावे : जुन्या भक्तीचे कोणते शब्द ठेवावेत, कोणते टाकावेत? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग व कीर्तन सोडले नाही. ख्रिस्ताला त्यांनी वारकऱ्यांप्रमाणे माउली म्हटले. ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या या कवीला निसर्गात ईश्वर दिसे. परंतु ख्रिस्ती झाल्यावर त्यांची भक्ती सृष्टीत विलीन होण्यापेक्षा ख्रिस्ताच्या व्यक्तिगत सान्निध्याकडे झुकली. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे पूर्ण केले.