इतिहासाच्या पाठात चित्रांचा उपयोग : असईच्या लढाईचे उदाहरण

इतिहासाच्या पुस्तकातील वाक्ये मूल परीक्षेनंतर विसरते. पाहिलेले चित्र मात्र त्याच्या मनात दीर्घकाळ राहते. चित्राचे हे सामर्थ्य मोठे आहे. परंतु जे इतके खोल रुजते, ते चुकीचे असल्यास चूकही तितकीच खोल रुजते. म्हणून चित्र दाखविणे हे शिक्षकाचे अर्धे काम होय. चित्र तपासावयास शिकविणे हे उरलेले अर्धे.

याचे ठळक उदाहरण शिवचरित्रातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. पुष्कळांनी ते श्रद्धेने पाहिले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी साधने तपासून महाराजांचे विश्वसनीय चित्र १९३३ साली लोकांपुढे आणले. श्रद्धा खरी असूनही चित्र खोटे असू शकते, हा धडा शिक्षकाने विसरू नये.

जालना जिल्ह्यातील शिक्षकास याकरिता दूरचा विषय शोधण्याची गरज नाही. हा मुलूख जुन्या काळी सरहद्दीचा होता. खानदेशातून अजिंठ्याचा घाट चढला की निजामाचा प्रदेश लागे. ऑगस्ट १८०३ मध्ये दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा याच घाटाने वर आल्या. निजामाचा पक्ष घेऊन आलेल्या कंपनी सरकारच्या सैन्याशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातील असई येथे त्यांची लढाई झाली. केळणा व जुई या नद्यांमधील चिंचोळ्या भूमीवर ती झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली विजयी झाला. परंतु त्याचे मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक लोक कामी आले वा निकामी झाले.

या लढाईचे विल्यम हीथ या इंग्रज चित्रकाराचे चित्र १८१५ च्या सुमारास लंडनमध्ये छापले गेले. त्याची प्रत आज संगणकावरून मोठ्या आकारात छापून घेता येते. ती मुलांच्या दृष्टीच्या उंचीवर टांगावी व आरंभी काही वेळ मुलांस नुसते पाहू द्यावे. त्यानंतर तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : चित्रात काय दिसते? येथे मुलांनी केवळ डोळ्यांस दिसणारे सांगावे. मध्यभागी कोण आहे, कडेला कोण आहे, कोणाचा चेहरा स्पष्ट काढला आहे, हे नोंदवून ते फलकावर लिहावे.

दुसरा प्रश्न : हे कोणी, केव्हा व कोणासाठी काढले? लढाईच्या वेळी हीथ लहान मुलगा होता. त्याने रणभूमी पाहिलेली नव्हती. चित्र विकत घेणारे लोकही विजयी पक्षाचे होते. एवढे कळताच, चित्रकाराने मध्यभागी कोणास ठेवले याचे कारण मुले आपणहून सांगतात.

तिसरा प्रश्न : चित्रात काय नाही? शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्यासारख्या दिसत असताना काही गोलंदाजांनी त्या मागे वळवून पुन्हा मारा केला. त्या गोलंदाजांची नावे कोणत्याही चित्राने जपली नाहीत. ज्या शेतांतून ही लढाई झाली, तेथील कुणबीही चित्रात नाही.

यानंतर चित्राची भूमीशी तुलना करावी. वाटाड्यांनी नदीला जवळ उतार नाही असे वेलस्लीस सांगितले होते. परंतु केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. इतक्या जवळच्या गावांत येणेजाणे असणारच, म्हणजे उतारही असणारच, असे त्याने ताडले. आणि उतार निघाला. खेड्यातील मुलास हे अनुमान तत्काळ पटते, कारण त्याला आपल्या नदीचे उतार ठाऊक असतात. केळणा पुढे जाफराबादेजवळ पूर्णेस मिळते, आणि पूर्णा मंठा तालुक्याकडे येते. असईचे पाणी आपल्या शिवाराजवळून वाहते हे समजले की इतिहास परका राहत नाही.

संकलनाच्या वेळी मुलांनी स्वतः एक चित्र काढावे : हीच लढाई, परंतु काठावरच्या गावातून पाहिलेली. ते रेखीव नसले तरी चालेल. मात्र चित्राखाली प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्यात : यातील कोणती गोष्ट माहितीवरून काढली व कोणती कल्पनेने. पाठ साधला की नाही, याची परीक्षा त्या दोन ओळींत होते.

मंठ्याचा परिसर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. त्या काळाची छायाचित्रे व आठवणी आजही काही घरांत असतील. असईच्या चित्रास तीन प्रश्न विचारावयास शिकलेले मूल घरच्या छायाचित्रासही तेच प्रश्न विचारील, आणि पुढे छापील शब्दासही विचारील. इतिहासाच्या तासातून गावाला मिळणारा हा सर्वांत टिकाऊ लाभ होय.