पहिली दोन मिनिटं कुणाची?

चौघं मित्र, एक कॅमेरा, हातात एकच रविवार. लोकेशन फायनल : बारामती तालुक्यातलं लोणी भापकर. मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी मंदिर, पुष्करणी, यज्ञवराहाची मूर्ती. थ्रिलरला आणखी काय हवं?

भांडण सुरू होतं ते ओपनिंगवरून. एकाला प्रेत हवं, दुसऱ्याला पाठलाग, तिसऱ्याला फ्लॅशबॅक. चौथा गप्प, म्हणजे रुसलेला!

अशा वेळी श्रीराम राघवन आठवा. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेल्या या दिग्दर्शकाचा 'अंधाधुन' (२०१८) सुरू होतो कोबीच्या शेतात. एक ससा, एक बंदूकवाला, बस्स. सशाचं काम काय, हे कळायला शेवटापर्यंत थांबावं लागतं.

फंडा सोपा आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर शॉट नाही, प्रेक्षकाला पडणारा प्रश्न लिहायचा. चारांतला एकच ठेवायचा. उदाहरणार्थ, कोरड्या पायऱ्यांवर वर येणारी ओली पावलं. बाहेर आलं कोण? उन्हात ती लगेच वाळतील, म्हणून शूटिंग सकाळी लवकर.

आणि हो, गावात आधी विचारा. तुमचं लोकेशन हे त्यांचं देऊळ आहे.

ज्याची चिठ्ठी गळली, त्याच्या हाती एडिटिंग द्या. नाहीतर फिल्म होईल, पण मित्र जाईल.