जीपचा पुढचा आंस उंचावून घेण्यापूर्वीं

पिंपळनेरच्या पश्चिमेस कुडाशी व चरणमाळकडे जसजसें जावें, तसतसा पाऊस वाढतो आणि वाटा बिकट होत जातात. पांझरेकांठची काळी जमीन तर मृगाचीं दोन नक्षत्रें लागून गेलीं कीं चाकास अशी बिलगते कीं, रिकामी गाडीही बांधावरून हलत नाहीं. अशा मुलखांत शेतमाल डांबरी रस्त्यापर्यंत आणण्यास चारी चाकांस जोर पोंचविणारी जुनी जीप फार उपयोगी पडते. सांप्रत आमच्या तरुण शेतकऱ्यांत या जीपचा पुढचा आंस घरच्या घरीं फिरवून गाडी उंच करून घेण्याची हौस उत्पन्न झाली आहे. त्यापासून काय साधतें व काय बिघडतें, हें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

ही जीप मूळची अमेरिकेंतील विलीस कंपनीची, दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीचें नांव १९४८ मध्यें महिंद्र अँड महिंद्र असें झालें; तिनेंच मुंबईंत विलीस जीपची जुळणी आरंभिली. या जुन्या ठेवणींत पुढचा आंस अखंड असून तो पोलादी पाट्यांच्या वर बसविलेला असतो, आणि यू-बोल्टांनीं आवळलेला असतो. (२०१० मध्यें निघालेल्या थार गाडीची पुढची बांधणी निराळी आहे, तिला पुढील विवेचन लागू नाहीं.) मिस्त्री काय करितो, तर आंसाच्या वरच्या अंगास नव्या बैठकी वेल्ड करून पाटे आंसाच्या वर घेतो. आंसाच्या नळीची व पाट्यांच्या थप्पीची मिळून जेवढी जाडी, तेवढा, म्हणजे सुमारें ४ ते ५ इंच, सांगाडा वर जातो. पुढचेंच केलें तर गाडी शेपटावर बसल्यासारखी दिसते. म्हणून मागचेंही करावें लागतें व खर्च वाढतो.

येथें एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. चिखलांत प्रथम रुतते ती आंसाच्या मध्यावरील डिफरन्शिअलची पेटी, आणि ती तर चाकांबरोबरच राहते! बैलगाडीचा साटा कितीही उंच केला तरी आंस चाकाच्या तुंब्यांतच असावयाचा, त्यांतलाच हा प्रकार. पेटी वर उचलावयाची तर चाकच मोठें पाहिजे, आणि ६.००-१६ ऐवजीं ७.००-१६ टायर घातला तरी लाभ सुमारें १ इंचाचा. आंस फिरविल्यानें पाट्यांच्या खालच्या पट्ट्या सरींत अडकत नाहींत, ओढ्यांतील दगड पोटास लागत नाहींत व मोठ्या टायरला जागा होते, एवढा फायदा मात्र खरा आहे.

आतां धोक्याचा भाग. पुढचें चाक ज्या खुंटावर वळतें त्यास मिस्त्री किंगपिन म्हणतात. तो सरळ उभा नसून त्याचें वरचें टोक किंचित् मागें कललेलें असतें. विलीस जीपमध्यें हा कल ३ अंशांचा. सायकलीचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून तिचें चाक आपोआप सरळ होऊं पाहतें, तोच हा गुण. सांगाडा उंच झाल्यावर शाफ्ट फार तिरपा पडतो. त्यास सोपें जावें म्हणून मिस्त्री डिफरन्शिअलचें तोंड वर करून आंस वेल्ड करितो. परंतु तोंड जितकें वर, तितका किंगपिन पुढें झुकतो, आणि मुळांत अवघे ३ अंश असल्यानें तो कल नाहींसा होण्यास वेळ लागत नाहीं. मग गाडी रस्त्यावर भरकटूं लागते. याकरितां जुनी जोडणी खोलण्यापूर्वींच सपाट जागीं कल मोजून कागदावर लिहून ठेवावा. नव्या बैठकी आधीं टिपक्यांनीं धराव्या, गाडीचें वजन चाकांवर घेऊन पुन्हां मोजावें, आणि मगच वेल्डिंग पुरें करावें. तेंही थोडें थोडें, थांबून थांबून, नाहीं तर उष्णतेनें नळी वांकते. ओतीव भागावर साधें वेल्डिंग विश्वासार्ह धरीत नाहीं.

दुसरा धोका स्टिअरिंगच्या दांड्याचा. हा दांडा मूळचा जवळजवळ आडवा असतो. सांगाडा वर गेला कीं तो तिरपा होतो, आणि चाक खड्ड्यांत उतरतांच चालकानें हात न हलवितां गाडी वळते. एका परिचित बागायतदाराच्या अशा जीपमधून मी ताहाराबादेकडून सेलबारीच्या घाटानें आलों. प्रत्येक खड्ड्यास स्टिअरिंगचें चाक त्याच्या हातून हिसका देत होतें. महसुली नोकरींत पंचनाम्यांच्या निमित्तानें मीं पुष्कळ जीपगाड्यांतून हाडें खिळखिळीं करून घेतलीं, परंतु तसा प्रवास कधीं केला नव्हता. यावर उपाय म्हणजे खालीं उतरता घडविलेला स्टिअरिंगचा हात विकत घेऊन बसविणें. मूळचा हात भट्टींत तापवून वांकविण्याची युक्ति कोणी सांगेल, ती ऐकूं नये. त्यानें पोलादाचें पाणी जातें, आणि तो तुटला तर गाडी आवरण्याचें कांहींच साधन उरत नाहीं.

ब्रेकची रबरी नळीही बदलून लांब घ्यावी. जॅकवर सांगाडा उचलून चाकें पूर्ण लोंबूं द्यावीं आणि नळी ताणते काय, तें पाहावें.

आयुष्य दप्तरांत गेल्यामुळें कागदाची बाजू मला टाळतां येत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ मध्यें, कायद्यास मान्य नसलेल्या प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढें करील, हेंही विसरूं नये. तेव्हां लोखंडास हात लावण्यापूर्वीं धुळ्याच्या परिवहन कार्यालयांत लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्यावें. तोंडी होकार दप्तरांत सांपडत नाहीं.

माझें मत विचाराल तर, ज्याचें काम वर्षांतून चार महिने चिखलाशीं, त्यानें त्याच मापाचे खोल नक्षीचे टायर घ्यावे, शेतांत हवा थोडी कमी करावी व डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं पुन्हां भरावी. चाकांस बांधावयाच्या साखळ्या गाडींत असूं द्याव्या. ओढ्याच्या उतरणीवर चार शेजाऱ्यांनीं मिळून दगड-मुरूम टाकला तर बैलगाडीसही वाट होते. ज्यांनीं आंस आधींच फिरविला आहे, त्यांनीं यू-बोल्टांच्या चाक्या पहिल्या कांहीं खेपांनंतर पुन्हां आवळाव्या, वेल्डिंगच्या कडेस तडा आहे काय तें दर हंगामास पाहावें, आणि तोंवर घाटांत माणसें बसवूं नयेत.