लिंबोणीची लेखणी

श्रीगोंद्यात व्यापारी येतात लिंबांसाठी. मी आले लिंबोणीच्या सरपणासाठी. तालुक्यातल्या बागा म्हाताऱ्या झाल्या, डिंक्याने खंगल्या किंवा पाण्यावाचून वाळल्या, की जेसीबीने उपटल्या जातात आणि खोडं चुलीत जातात. त्यातली काही खोडं एक मिस्त्री मागून घेतात आणि त्यांची पेनं कातून काढतात, एवढ्या ऐकीव माहितीवर संपादकांनी मला पाठवलं.

गावाचा इतिहास मोठा आहे. इथे महादजी शिंद्यांचा वाडा आहे, शेख महंमदांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या शेख महंमदांच्या काळात लेखणी म्हणजे बोरू. चांगला बोरू आणि धारदार चाकू असला की ती तयार. लिंबोणी इतक्या सहजी वश होत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर खोडाचे तुकडे मांडलेले, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना मेण. ओलं लाकूड टोकांकडून लवकर वाळतं, मधला भाग मागे राहतो आणि त्या ओढाताणीत टोकं चिरतात. म्हणून पाणी निघून जायची ती वाट बुजवायची आणि वाट पाहायची; इंचभर जाडीला वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब. लाकूड फिकट पिवळं, गच्च, बारीक पोताचं. हात फिरवला तर दगडी गोटा वाटावा. पण उभ्याउभ्या वाळलेल्या झाडाच्या पोटात आधीच चिरा असतात, खोडकिड्याची भोकं असतात, आणि गाठ आली की तिच्याभोवती रेषा उलटसुलट फिरतात. असं लाकूड वाकत नाही, थेट तडकतं.

बोटाएवढ्या लांब ठोकळ्यात 7 मिलिमीटरचं भोक पाडून पितळी नळी चिकटवायची. मला सगळ्यात आवडलं ते हे भोक पाडणं. ड्रिल जरासं आत गेलं की बाहेर काढायचं, भुसा झाडायचा, पुन्हा आत. भुसा साचला की ड्रिल तापतं, आणि ड्रिल तापलं की लाकूड चिरतं. दुसऱ्या बाजूने ड्रिल बाहेर पडताना तर टवका हमखास उडतो. म्हणून मिस्त्री ठोकळा मुळातच लांब ठेवतात. भोक आरपार न्यायचंच नाही. बंद राहिलेलं टोक मग करवतीने कापून टाकायचं. इतकी साधी युक्ती, पण ती सुचेपर्यंत किती ठोकळे फुटले असतील!

ठोकळा लेथवर फिरू लागला की आधी धडधड होते, पटाशीला कोपरे लागतात. कोपरे गेले की धडधड थांबते आणि बारीक शेव सुटू लागते. मिस्त्री डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त ठेवतात. मधेच ‘टिक’ असं काही झालं की हात मागे, लेथ बंद. नखाने चीर शोधायची, तिच्यावर पातळ फेविक्विकचा थेंब सोडायचा. केसाएवढ्या फटीत तो आपसूक ओढला जातो. थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू.

पेनाच्या टोकाशी नळीवर लाकूड एक मिलिमीटरही उरत नाही. माझ्यासमोर तिसरं पेन तिथेच गेलं. पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधीची शेवटची पटाशी, आणि फट्ट! टवका माझ्या चष्म्यावर आला, खाली पितळ उघडं पडलं. मिस्त्रींनी लाकडाला दोष दिला नाही. पटाशी उजेडात धरून पाहिली आणि दगडावर घासायला बसले. ‘धार गेली की ती कापत नाही ताई, उपटते.’ फुटलेलं पेन डब्यात पडलं. नळी तापवून गोंद सोडवला की ती पुन्हा कामाला येते.

पेन पुरं झालं तरी घोर संपत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नगरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसतं, आणि आतलं पितळ मात्र जागचं हलत नाही. त्यामुळे तयार पेन एक उन्हाळा काढल्याशिवाय मिस्त्री कुणाच्या हातात देत नाहीत. ठिसूळ लाकडात निर्वात पंपाने रेझिन भरून ते भट्टीत पक्कं करता येतं, पण पंप आणि भट्टी घ्यायची तर आधी तेवढी पेनं खपायला हवीत. क्लिप, टोपण, रिफिल फिरवायचा मळसूत्री भाग हे सगळं बाहेरून येतं. नव्या मालाचं माप जरा बदललं की आधी कातलेले ठोकळे वाया. मधेच वीज जाते, आणि अर्धवट कातलेलं लाकूड लेथवर तसंच राहतं. दिवसभरात एखादं पेन हाती लागणार, तेवढ्या वेळात दरवाजाची चौकट होते. घर चौकटींवर चालतं. शिकायला कुणी आलं तर त्यालाही आधी चौकटच शिकवावी लागेल, हे मला तिथे बसून कळलं आणि वाईट वाटलं.

सगळ्यात मोठी धावपळ मात्र लाकडासाठीच. बाग उपटल्याचा निरोप उशिरा आला, तर खोडं भर उन्हात पडून चिरलेली असतात. शेतकऱ्यालाही रान मोकळं करून उसाची लागण करायची घाई असते.

मी निघायच्या बेतात असतानाच बाग उपटल्याचा एक निरोप आला. मिस्त्री मोटारसायकलवर दोन खोडं बांधून परतले. अजून ओली होती, सालीखाली हिरवट. त्यांनी स्टोव्हवर मेण वितळवलं, चारही टोकं बुडवली आणि मेण घट्ट झाल्यावर सालीवर खडूने आजची तारीख घातली.