वक्फ गेले, वतन गेले. हिशेब कोण मागणार?

मारुंजीहून हिंजवडीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि काचेची कार्यालये दिसतात. इथे गुंठ्याचा भाव सर्वांना तोंडपाठ आहे. पण ही जमीन मुळात कोणाची होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुणे जिल्ह्यातले जुने सातबारे उघडले तर कुठे देवस्थान इनाम, कुठे वक्फ, कुठे महार वतन अशा नोंदी सापडतात. त्यापैकी वक्फ आणि वतन या दोन नोंदींचे दुःख एकच आहे, हे चळवळीने ओळखले पाहिजे.

इस्लामी अर्थशास्त्र म्हटले की आपल्याकडे फक्त ‘बिनव्याजी बँक’ आठवते. गोरखपूरला जन्मलेले आणि अलीगढला शिकवणारे मोहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांनी बिनव्याजी बँकव्यवहाराची शास्त्रीय मांडणी केली. त्यांना १९८२ साली किंग फैसल पुरस्कार मिळाला. भारतात २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. मात्र या शास्त्राला आणखी दोन पाय आहेत. एक जकात, म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबांसाठी काढणे. दुसरा वक्फ, म्हणजे मालमत्ता कायमची समाजकार्याला वाहणे. ती विकायची नाही आणि वारसांत वाटायची नाही. तिच्या उत्पन्नातून मदरसा, दवाखाना, सराई, विहीर चालवायची.

हे कागदावर झाले. प्रत्यक्षात काय घडले? २००६ च्या सच्चर समितीने देशातील नोंदणीकृत वक्फ मालमत्तांची संख्या ४.९ लाख, जमीन सुमारे ६ लाख एकर आणि बाजारमूल्य सुमारे १.२ लाख कोटी रुपये सांगितले. त्यावरचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी! दहा टक्के परतावा मिळाला असता तर वर्षाला १२ हजार कोटी जमा झाले असते, असे समितीने दाखवून दिले. एवढ्या पैशात किती वसतिगृहे उभी राहिली असती!

मारुंजीच्या शेजारचे माण गाव पाहा. तेथील ताबूत इनाम एंडोमेंट ट्रस्टची वक्फ जमीन शासनाने संपादित केली. वक्फ मंडळाचे बनावट ना-हरकत पत्र दाखवून सात कोटींहून अधिक मोबदला परस्पर उचलला गेला, असा आरोप झाला. २०२१ साली पुण्यात गुन्हा नोंदला गेला, पाठोपाठ सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण ज्या गरीब मुसलमानासाठी ती जमीन वाहिली होती, त्याला ती आपली आहे हे तरी ठाऊक होते काय?

तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने वक्फवर मोठे संशोधन केले आहे. वाहणाऱ्याने घातलेल्या अटी कायमच्या गोठतात आणि काळ बदलला तरी संस्था बदलू शकत नाही, हा त्याचा आक्षेप. तो रास्त आहे. आमचा आक्षेप त्यापुढचा आहे. कारभार मुतवल्लीच्या हाती आणि लाभार्थी दाराबाहेर! पसमांदा मुसलमान, म्हणजे मागास जातींतून आलेला मुसलमान, या कारभारात कुठे आहे?

हे वाचून कोणी खूश होण्याचे कारण नाही. आमच्या वतनाचे काय झाले? १८७४ च्या कायद्याने वतनदार महाराला तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे राबणे भाग होते. ती गुलामी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या आणि परवानगीशिवाय विक्रीला बंदी आली. तरी शहर वाढले तशा या जमिनी हातून गेल्या. २०२५ साली मुंढव्यातील ४० एकर महार वतनी जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा कुठे वतन म्हणजे काय हे नव्या पिढीला कळले.

भ्रष्टाचाराचे निमित्त करून आता २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने वक्फ मंडळांवर बिगर-मुस्लिम सदस्य आणण्याची तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. बौद्धांना हा डाव नवा नाही. १९४९ च्या कायद्याने बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या समितीत चार हिंदू बसवले ते अजून उठलेले नाहीत! चोरी थांबवायची तर हिशेब लाभार्थ्यांपुढे मांडायला लावा. धन्याचाच हक्क काढून घेणे हा चोरीवरचा उपाय नव्हे.

जकात चाळिसावा हिस्सा मागते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. आपल्यापैकी किती जण तो देतात? आणि जे देतात त्यांना हिशेब मिळतो काय? जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च किती मंडळे फलकावर लावतात?

म्हणून हिंजवडी-मारुंजी-माण पट्ट्यातल्या आणि इतरत्रच्या कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, गावोगावच्या वतन आणि वक्फ जमिनींचे जुने सातबारे व फेरफार काढावेत; त्यासाठी बौद्ध आणि पसमांदा तरुणांनी एकत्र बसावे. दुसरे, विहार आणि मंडळांनी कष्टकऱ्यांसाठी छोटा बिनव्याजी निधी उभारावा. तिसरे, त्या निधीचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावावा. अडलेल्या बाईला सावकाराच्या दारी जावे लागले नाही, तरच हे अर्थशास्त्र कामाचे.

दान देणारे पुष्कळ आहेत. हिशेब मागणारे तयार करणे, हे चळवळीचे काम आहे.