दुरुस्त गाडीची नादुरुस्त गोष्ट

सांगलीहून साताऱ्याला निघालेली आमची मोटार कासेगावजवळ महामार्गाच्या कडेला थांबली, तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती आणि माझ्या खिशात दुरुस्तीची चिठ्ठी होती. चिठ्ठीवरची शाई अजून ताजी होती, कारण त्याच दुपारी १४ हजार रुपये मोजून मी गाडी ताब्यात घेतली होती.

सासुरवाडी सांगलीची. मेहुण्यांच्या ओळखीवर तिथल्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली होती. इंजिन गरम होत होते. मिस्त्रींनी हेड गॅस्केट बदलले आणि ‘आता काळजी नको’ असा भरवसा दिला. तो भरवसा पेठ नाक्याच्या थोडा पुढपर्यंत टिकला. गाडी टोचन करून कराडला आणली. तिथल्या मिस्त्रींनी हेड खोलले, त्यावर पट्टी धरली आणि मला वाकून पाहायला सांगितले. पट्टीखालून उजेड दिसत होता. ‘हेड वाकलंय साहेब. फेसिंग न करताच नवं गॅस्केट बसवलंय. टिकणार कसं?’

‘हे कागदावर लिहून द्याल?’ मी विचारले. त्यांनी कापसाच्या बोळ्याने हात पुसले. ‘तोही धंद्यातलाच माणूस. उद्या माझ्या कामावर कुणी लिहून दिलं तर?’

फसलेल्या दुरुस्तीच्या भरपाईचे घोडे नेमके इथे अडते. चूक सगळ्यांना दिसते, पण ती कागदावर उतरत नाही.

कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूने पुष्कळ पुढे आला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा असा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९८६ मध्ये आला. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत उणीव राहिली तर दाद मागता येऊ लागली, आणि गॅरेजमधली दुरुस्ती ही सेवाच आहे. पण साताऱ्याच्या माणसाने सांगलीच्या मिस्त्रीविरुद्ध तक्रार करायची तर सांगलीच गाठावी लागे. माझी गाडी बंद पडली ते कासेगावही सांगली जिल्ह्यातलेच! २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाण्याची मुभा मिळाली. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत २ वर्षांची. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मिस्त्रींनाही कायद्याने आधार दिलेला आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार, ज्याने वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केले आहे त्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. मात्र ताब्यात आलेली वस्तू स्वतःची असल्यासारखी जपण्याची जबाबदारीही तोच कायदा त्याच्यावर टाकतो.

पण आयोगापुढे न्यायचे काय? ‘गाडी तुम्हीच गरम झाल्यावर पळवलीत’ असे समोरच्याने म्हटले, तर उत्तर पुराव्यानेच द्यावे लागते. म्हणून शहाण्या ग्राहकाने गाडी टाकतानाच तक्रार, किलोमीटर आणि ठरलेले काम लिहून घ्यावे, बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगळी मागावी, जुना भाग परत घ्यावा. गाडी पुन्हा बिघडली तर दुसरीकडे खोलण्यापूर्वी पहिल्या मिस्त्रींना लेखी कळवावे आणि खोलताना फोटो काढावेत. मी यांतले फोटोच तेवढे काढले होते, तेही मुलीने सुचवले म्हणून.

ते फोटो, सांगलीची चिठ्ठी आणि कराडचे २२ हजारांचे बिल जोडून मी सांगलीला पत्र धाडले. आयोगाकडे जाण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही, पण पोचपावती असलेल्या कागदाला वजन असते. दहा दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ‘फेसिंगला हेड बाहेर पाठवावं लागतं, दोन दिवस जातात. तुम्हीच म्हणालात, संध्याकाळच्या आत साताऱ्याला पोचायचंय.’

खरे होते. मी घाई केली होती. पण घाईचा परिणाम काय होईल, हे मला ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते, आणि ते सांगणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. तसे मी त्यांना म्हटले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी मजुरीचे ६ हजार परत करायचे कबूल केले. मीही तेवढ्यावर थांबलो. हक्काचे पाहिले तर मागणी अधिक निघाली असती आणि कुणी आयोगापर्यंत गेला असता तर त्याचे चुकले, असे मी म्हणणार नाही.

पुढच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा त्या गॅरेजवरून जाताना काच खाली केली. मिस्त्री एका गाडीचे हेड उतरवत होते. मालक घड्याळाकडे पाहत उभा होता. ‘दोन दिवस लागतील,’ मिस्त्री त्याला सांगत होते, ‘नाहीतर दुसरीकडे न्या.’